अकरा हजारांतले खरे किती

निपाणीत गोमटेशअण्णांचं शेतीअवजारांचं दुकान होतं, आणि दुकानापेक्षा मोठी त्यांची गिऱ्हाइकांची यादी होती. 'आपलं गिऱ्हाईक अकरा हजार चारशे!' असं ते चहाला टेकलेल्या कुणालाही सांगत. ऐकणाऱ्याच्या भुवया वर गेल्या नाहीत तर पुन्हा सांगत. दारावर तसा फलकही लावला होता. त्रिशला सहा वर्षं त्या दुकानात कॉम्प्युटरवर बसत होती. यादीत अण्णांनी काय काय कोंबलंय हे तिला ठाऊक होतं, म्हणून फलकाखालून आत शिरताना ती मान वर करत नसे.

त्यात बेळगावच्या टिळकवाडीतून सौरव नावाचा सल्लागार आला. त्यानं यादीला एक सॉफ्टवेअर जोडून दिलं. वाढदिवसाला प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोनवर आपोआप शुभेच्छा जाणार. "यादी आधी तपासून घेऊया का?" असं त्रिशलानं विचारलं, तर तो हसला. "मॅडम, आकडा महत्त्वाचा. आत कोण डोकावतंय?"

डोकावणारी बाई पंधरा दिवसांत दारात उभी राहिली. अकोळची तारामती. तिचा नवरा नेमगोंडा दोन वर्षांपूर्वी वारला होता आणि त्याचा फोन आता ती वापरायची. तिनं तो काउंटरवर ठेवला.

"माझ्या मालकास्नी तुमी काल सा वेळा शंभर वर्सं जगा म्हटलाय."

त्रिशलानं वाचलं. नेमगोंडा, नेमगौडा, निमगोंडा, एन. पाटील, पाटील अकोळ, आणि सहावं 'नेमू पंपवाले'.

"जित्ते हुते तवा एकच नाव हुतं त्यास्नी," तारामती म्हणाली. "मेल्यावर सा झाली व्हय?"

"आक्का, कॉम्प्युटरची चूक हो ती," गोमटेशअण्णा हसत म्हणाले आणि त्यांनी दुकानाचं कॅलेंडर पुढं केलं. तारामतीनं कॅलेंडराकडं बघितलंही नाही. ती निघून गेली.

त्रिशलाचे कान तापले. कॉम्प्युटरची चूक! त्या बिचाऱ्या डब्याला नेमू पंपवाले कोण सांगायला गेलं होतं? तिनं सौरवला फोन लावला. तो म्हणाला, चार माणसं लागतील, तीन महिने लागतील, तोवर सगळी नोंदणी बंद ठेवावी लागेल, आणि आधी एक मीटिंग. त्रिशलानं फोन ठेवला. मीटिंग घेऊन नेमगोंडा एक होणार नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून ती दुकान उघडल्यावर पहिला एक तास यादीला देऊ लागली. आधी जुन्या यादीची नक्कल काढून बाजूला ठेवली, म्हणजे काही बिघडलं तरी परतायला वाट राहील. मग एक गाव धरलं, अकोळ. त्या गावाचे फक्त फोन नंबर बघायचे, दुसरं काही नाही. एका नंबरावर सहा नावं दिसली की फोन करून विचारायचं, 'तुमचं नाव कसं लिहू?' नंबर झाले की नावं, नावं झाली की कुणी काय नेलं ते जुन्या बिलांवरून भरायचं. तास संपला की अर्ध्यावरच थांबायचं. अकोळला नऊ दिवस गेले, बेनाडीला पाच, कुर्लीला चार.

काय काय निघालं त्यातून! सातशे गिऱ्हाइकांना दुकानाचाच नंबर दिलेला. एकाचं नाव 'मिशीवाले आप्पा', एकाचं 'हेच ते'. अण्णांचे मेहुणे एकोणीस वेळा, तेही कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये, कधी इंग्रजीत. त्यांनी आजवर दुकानातून साधं विळ्याचं पातंही नेलं नव्हतं.

पाच महिन्यांनी यादी आवरली. गिऱ्हाइकं उरली तीन हजार एकशे सव्वीस. अण्णांनी आकडा बघितला आणि घरात चोरी झाल्यासारखे ओरडले.

"आट हजार माणसं कुठं घालवलीस गं?"

"नव्हतीच ती, अण्णा."

"नव्हती म्हंजे? फलकावर हाईत की! सगळी परत घाल."

"जुनी नक्कल तशीच ठेवलीय. फुशारकीला ती वापरा," त्रिशला म्हणाली. "कामाला ही राहू दे."

अण्णांनी खरंच तसं केलं. शहाणा माणूस लाजला असता. पुढच्या आठवड्यात डीलरांच्या बैठकीत त्यांनी जुना आकडा ठासून सांगितला, टाळ्या घेतल्या, आणि सौरवनं त्यांचा फोटो काढला.

मग एका सकाळी पंप बनवणाऱ्या कंपनीकडून निरोप आला. मागच्या हंगामात विकलेल्या एका खेपेतल्या फवारणी पंपांची बॅटरी चार्जिंगला लावली की पेटू शकते, ज्यांनी नेलेत त्यांना आजच कळवा. अण्णांनी घाईघाईनं आपली अकरा हजारांची यादी उघडली. काय नेलं या रकान्यात ओळीनं एकच शब्द होता, 'माल'.

"सौरवला लाव फोन," ते म्हणाले. सौरव मीटिंगमध्ये होता.

त्रिशलानं आपल्या यादीत पंप, खेप आणि तारीख टाकली. चौसष्ट नावं आली. ती एकेक नंबर फिरवत गेली. एकतिसावा फोन कुर्लीच्या अंबुबाईला लागला.

"पंप? गोठ्यात लावलाय की चार्जिंगला, कडब्याजवळ."

"आक्का, आधी मेन स्विच बंद करा. पंपाला हात लावू नका. मी फोनवरच हाय."

बऱ्याच वेळानं अंबुबाई धापा टाकत फोनवर आली. "बंद केलं बाई. धूर निघतोय त्यातनं. म्हशी सोडल्या भायेर."

दुपारपर्यंत चौसष्टपैकी एकसष्ट झाले. उरलेल्या तिघांच्या घरी त्रिशला स्वतः स्कूटरवरून जाऊन आली.

परतली तेव्हा अण्णा दोन गिऱ्हाइकांना रंगवून सांगत होते, "आमच्या सिस्टीमनं म्हशी वाचवल्या बगा!" त्रिशला हेल्मेट हातात धरूनच काउंटरशी उभी राहिली.

"अण्णा, उद्यापासनं नाव-नंबर विचारल्याबिगर यादीला कुणी बोट लावायचं न्हाय. तुमीबी न्हाय. न्हायतर मी बसत न्हाय हितं."

अण्णांनी गिऱ्हाइकांकडं बघितलं. ते दोघं त्यांच्याकडंच बघत होते. एकाच्या हातात नवीन कोयता होता. अण्णांनी घसा साफ केला, खिशातून पेन काढलं आणि वीस वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदाच एका गिऱ्हाइकाला विचारलं, "नाव कसं लिवायचं हो तुमचं?"

"मष्णू," तो म्हणाला.

अण्णांनी 'म' लिहिला आणि ते अडकले. त्रिशलानं पुढचं अक्षर सांगितलं नाही; विचारायला मष्णू समोरच उभा होता.