सीटखालचं हत्यार

मी जीपचं हँडल बोलतोय. स्टेअरिंगला काही लोक हँडल म्हणतात, ते नव्हे. त्याचा मान मोठा. इंजिन सुरू करायला पुढून वाकडा लोखंडी दांडा घालून गरागरा फिरवतात ना, तो मी. दोन ठिकाणी वाकलेला, टोकाला झिजलेला आणि स्वतःविषयी भलताच गैरसमज करून घेतलेला.

माझा जन्म कुठं झाला ते मला ठाऊक नाही. समजायला लागलं तेव्हा मी फौजेच्या जीपमध्ये होतो. आपण लढाईत मोठा पराक्रम केला, असं मी बरीच वर्षं मनाशी घोकत होतो. खरं सांगायचं तर आमची जीप पुण्यात एका साहेबाची भाजी आणायची. ती मोडीत निघाली तेव्हा उंब्रजच्या नाथाजीनं लिलावात घेतली. नाथाजी फौजेतलाच ड्रायव्हर, नुकताच पेन्शनीत आलेला. त्यानं टायर दाबून पाहिले, बॉनेट उघडून पाहिलं. माझ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. मी गाडीबरोबर फुकट आलो.

तेव्हा कोयनेला धरणाचं काम जोरात चाललं होतं. नाथाजी उंब्रजहून कोयनानगरला माणसं न्यायचा, आणायचा. जीपचा बटणावर इंजिन सुरू करणारा सेल्फ कधीच गेला होता, पण तो दुरुस्त करायचं त्याच्या मनात येत नव्हतं. "हँडल हाय की! कशाला खर्चात पडायचं?" म्हणायचा. एकदा सुरू झालेली गाडी मात्र तो सहसा बंद करायचा नाही. मला फिरवताना त्याचा दम निघायचा आणि चारचौघांत दम लागलेला त्याला आवडायचा नाही.

त्या उन्हाळ्यात पाटणच्या पुढच्या रस्त्यावर वाटमारी होऊ लागली. बंदूक दाखवून एक मोटार पळवली, एका व्यापाऱ्याला मारहाण झाली. फौजदारानं सगळ्या गाडीवाल्यांना बोलावून बजावलं, "दोघंतिघं मिळून गाड्या काढा. कुठं निघालाय, काय नेताय, कुणाला सांगू नका. वाटेत कुणी हात केला तर लगेच थांबू नका. गाडी चालू ठेवून खाली उतरू नका. आणि एवढं करूनही बंदूक पुढं आलीच, तर माणसं उतरवा आणि गाडी सोडून द्या. गाडी पुन्हा मिळते."

नाथाजी हसला. "आवं सायेब, आमी फौजंतली माणसं. आन् सीटखाली ह्ये हाय!" असं म्हणून त्यानं मला उचलून सगळ्यांना दाखवलं. उंब्रजचे निम्मे ड्रायव्हर माझ्याकडं बघत होते. काय सांगू, मी असा फुगलो की विचारू नका. त्या दिवसापासून मी स्वतःला हँडल म्हणायचं सोडलं आणि हत्यार म्हणायला लागलो.

मग नाथाजीची बहीण अंजना बाळंत झाली. तिचा नवरा धरणावर कामाला, राहायला कोयनानगरच्या वसाहतीत. नातवाला बघायला नाथाजीची आई साळूबाई निघाली. गाडीत दुसरा उतारू घ्यायचा नाही, असं ठरलं. कारण जागाच नव्हती. डिंकाच्या लाडवांचा डबा, शेवया, कुरडया, बाळाची दुपटी, तांदळाचं पोतं. डबा सांडू नये म्हणून तो पुढच्या सीटखाली सरकवला, म्हणजे थेट माझ्या उरावर. त्याची दोरी माझ्या वाकणात अडकली. मी म्हटलं, असू दे, आज हत्याराला थोडी सुट्टी.

पाटणला दुपार झाली. साळूबाई मागच्या बाकावर अंगावरून घोंगडं घेऊन गाढ झोपली होती. नाथाजी चहाला उतरला, गाडी अर्थातच चालू ठेवून. हॉटेलात दोन अनोळखी गडी बसले होते, एक खाकी शर्टातला, दुसरा गळ्यात मफलरवाला. खाकीनं विचारलं, "कुठं निघाला, पाव्हणं?"

आता आमच्या भागात ह्या प्रश्नाला उत्तर न देणारा माणूस आजवर जन्मलेला नाही. उत्तर दिलं नाही तर माणूस माजला म्हणतात. नाथाजीनं गाव सांगितलं, काम सांगितलं, भाच्याचं वजन सांगितलं. "मागं सगळं सामानच हाय," म्हणाला. गाडीत आणखी कोण आहे, तेवढंच सांगायचं राहिलं.

"एकटंच? भ्या न्हाई वाटत?" मफलरवाल्यानं विचारलं.

"भ्या? सीटखाली हँडल हाय माझ्या. एक हाणला तर उठायचा न्हाई गडी!"

मी बाहेर जीपमध्ये पडल्यापडल्या हे ऐकत होतो आणि खूश होत होतो. हत्याराचा पत्ता शत्रूला सांगायचा नसतो, हे आम्हा दोन फौजींपैकी एकालाही सुचलं नाही. ते दोघं उठून गेले. नाथाजीनं लढाईची एक गोष्ट सांगण्यासाठी आणखी एक चहा मागवला.

पुढं ओढ्याच्या वळणावर तो मफलरवाला रस्त्यातच पोट धरून लोळत होता. "अरारा, मघाचं पाव्हणं!" म्हणत नाथाजीनं ब्रेक दाबला आणि इंजिन चालू ठेवूनच खाली उतरला. तेवढ्यात झाडामागून खाकी शर्ट पुढं आला. त्याच्या हातात आखूड नळीची गावठी बंदूक होती.

"बाजूला हो. गाडी ऱ्हाऊ दे."

त्या घडीला नाथाजीनं नुसतं म्हणायचं होतं, माझी आई मागं झोपलीय, तिला उतरू दे. पण त्यानं सीटखाली हात घातला. मला धरून ओढलं. मी डब्याची दोरी ओढली, दोरीनं डबा ओढला, डबा सीटच्या दांडीला अडला. झालं! आयुष्यात एकदा हत्यार व्हायची वेळ आली आणि मी लाडवांच्या डब्याला गुंतून पडलो. खाकीनं बंदुकीचा दस्ता त्याच्या खांद्यावर हाणला, नाथाजी चरात पडला. पोटदुखीवाला खडखडीत बरा होऊन स्टेअरिंगवर बसलासुद्धा, खाकी त्याच्या शेजारी.

"आवं, आई हाय मागं! माझी आई हाय!" नाथाजी ओरडत धावला. इंजिनाच्या आवाजात कुणालाच ते ऐकू गेलं नाही. मला ऐकू आलं. मी गाडीबरोबर चाललो होतो आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

चढाला मफलरवाल्यानं गिअर चुकवला आणि जीप बंद पडली. त्यानं सेल्फ दाबून पाहिला. सेल्फ कसला लागतोय!

खाकी म्हणाला, "हँडल काढ की. सीटखाली हाय म्हनत हुता न्हवं त्यो?"

गाडी थांबल्यावर घोंगडं हललं. "नाथा, आलं का रं अंजीचं घर?"

खाकी दचकून वळला. बंदूक सरळ साळूबाईकडं रोखलेली आणि बोट चापावर. दचकलेल्या माणसाचं बोट फार वाईट. मी श्वास रोखला; म्हणजे रोखला असता, मला श्वास असता तर. साळूबाईनं बंदुकीकडं पाहिलं, त्या दोघांकडं पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण तिनं आरडाओरडा केला नाही. दोन्ही मोकळे हात पुढं धरून ती सावकाश म्हणाली,

"बाबांनू, गाडी न्या, सामान न्या. मला तेवढं उतरू द्या. लेक वाट बघतीया माझी."

"जा, म्हातारे. नीघ!"

ती उतरली. सामानाला हात लावला नाही, मागं वळून पाहिलं नाही. रस्ता सोडून एका जाड आंब्यामागं जाऊन बसली. फौजदाराच्या सभेला ती आलीसुद्धा नव्हती, बरं का.

मग मफलरवाल्यानं दोरी सोडवून मला काढलं, पुढं घातलं आणि मुठीत करकचून धरून, अंगठा आवळून फिरवलं. इंजिनानं उलटा झटका दिला आणि मी त्याच्या मनगटावर असा बसलो की तो रस्त्यात बसला. गाडी चालवता येणारा तोच, आणि त्याचा हात मोडलेला. तेवढ्यात वरून एसटीचा भोंगा ऐकू आला. दोघंही रानात पळाले. ह्यात माझा पराक्रम शून्य. असा झटका मी नाथाजीलाही दिला होता, तोही सणाच्या दिवशी.

नाथाजी मागून सिमेंटच्या ट्रकवर बसून आला. बाक रिकामं, घोंगडं खाली पडलेलं. तो मटकन खाली बसला. "आई गं..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"हितं हाय रं," आंब्यामागून आवाज आला. भर रस्त्यात, एसटीतल्या सगळ्या लोकांदेखत तो तिच्या पायांवर डोकं ठेवून रडला.

पुढं गावात गोष्ट भलतीच वाढली. मी चार दरोडेखोर लोळवले म्हणे! ज्याच्यात्याच्या सीटखाली हँडल दिसू लागलं. खंडेनवमीला नाथाजीनं मला पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. मीही बेशरमासारखी घालून घेतली.

साळूबाई शेजारी येऊन उभी राहिली. "गुणाचं हाय त्ये," म्हणाली. "पर नाथा, बंदूक दिसली तवा तू आदी ह्येला हात घातलास. मला हाक मारायला तुला वाकावंबी लागलं नसतं."

मला ती माळ जड झाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं सेल्फ दुरुस्त करायला टाकला. मला गोठ्यात ठोकलं आणि म्हैस बांधली. ती दिवसभर हिसके देते, मी धरून राहतो. एवढं काम मला जमतं.

तर गाडीवाल्यांनो, माझ्यासारख्याच्या भरवशावर राहू नका. आम्ही अडकतो. गाडी द्या, सामान द्या, आधी माणसं उतरवून घ्या. आमचा नाथाजी आता निघताना मागं वळून एकेकाला नावानं हाक मारतो. सगळ्यांची ओ आल्याशिवाय तो गिअर टाकत नाही. शेवटची ओ साळूबाईची असते. ती गोठ्यात ऐकू आली की मग मलाही बरं वाटतं.