कॉलरवाल्या काकू आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. सदऱ्यांच्या कॉलरी शिवण्यात माझा सगळा जन्म गेला. रंग उडालाय, चाक कुरकुरतं. पण आज मला गाऱ्हाणं सांगायचं नाही. आभार मानायचे आहेत.

पहिल्या कारखान्यात मी बावीस वर्षं होते. मला चालवणाऱ्या बाईंना सगळे कॉलरवाल्या काकू म्हणत. कॉलरीचं टोक त्यांच्यासारखं कुणालाच जमत नसे. सुट्टी झाली की त्या माझ्यातला दोऱ्यांचा भुगा काढत, तेलाचे दोन थेंब सोडत आणि मगच घरी जात.

एके दिवशी मालकांनी सांगितलं, की समुद्रापलीकडे मजुरी कमी पडते, म्हणून काम तिकडे चाललंय. मशिनी जाणार, माणसं राहणार. कुणी रडलं, कुणी मुकाट्यानं डबा उचलून निघून गेलं. काकूंना तेवढं विचारलं गेलं, पंधरा दिवस तिकडे जाऊन नव्या बायकांना शिकवाल का?

"आपल्या पोटावर पाय देणाऱ्यांना शिकवणार तू?" त्यांच्या जाऊबाई म्हणाल्या. त्या त्याच कारखान्यात बटणं लावत.

"माझ्या जागेवर कोण बसतंय, ते तरी बघून येते," काकू म्हणाल्या. आवाज रागाचा होता.

मी जहाजातून आले, खोक्यात बंद होऊन. खोकं उघडलं तेव्हा वर तापलेले पत्रे आणि समोर एक किडकिडीत मुलगी. तिची मोठी बहीणही तिथेच कामाला, म्हणून हिला सगळे धाकटी म्हणत.

आठवड्याभरानं काकू आल्या. बोट सुईखाली जाऊ नये म्हणून माझ्या सुईपुढे तारेची एक आड असते. इथे ती काढून टाकली होती. धाकटीच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. काकूंनी ते बोट हातात घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. इतक्या लांबून आणलेला राग कुणावर काढायचा, ते त्यांना तेव्हा कळलं असावं.

दोघींची भाषा वेगळी. दोन्ही भाषा येणारा एकटा सुपरवायझर.

"ही आड कुठे गेली?" काकूंनी त्याला विचारलं.

"काढली. तिच्यामुळे हात हळू चालतो."

"आमच्याकडे बावीस वर्षं होती."

"तिकडची गोष्ट वेगळी, काकू."

"बोटं वेगळी असतात का?"

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुम्ही फक्त शिकवायचं बघा."

"मग नाही शिकवत," म्हणून काकू हाताची घडी घालून बसल्या. दोन दिवस तशाच बसून राहिल्या. धाकटी त्यांना पाणी आणून देई. इकडे कॉलरी वाकड्यातिकड्या निघत होत्या आणि माल पाठवायची तारीख तोंडावर आली होती. तिसऱ्या दिवशी सगळ्या मशिनींना आड बसली. मजुरी मात्र वाढली नाही. ते काकूंच्या हातात नव्हतं.

मग त्या शिकवायला बसल्या, धाकटीच्या हातावर हात ठेवून. निघायच्या दिवशी त्यांनी तिनं शिवलेल्या कॉलरीचं टोक नखानं चाचपलं आणि म्हणाल्या, "माझ्यापेक्षा बरं आलंय." सुपरवायझरनं अर्थ सांगण्याआधीच धाकटी हसली होती.

काकू घरी परतल्या, तेव्हा तिकडे त्यांच्यासाठी काम उरलं नव्हतं. हे मी विसरलेले नाही.

त्याला अकरा वर्षं झाली. धाकटीची दहाही बोटं शाबूत आहेत. आता ऐकते, काम आणखी दूर चाललंय, मजुरी आणखी कमी असेल तिथे. परवा सुपरवायझरनं विचारलं, शिकवायला कोण जाईल? सगळ्यांनी माना खाली घातल्या. धाकटी म्हणाली, "मी जाते. पण आधी तिथल्या मशिनी बघेन."

मित्रांनो, सदरा जपून वापरा. कॉलर विरली तर उलटवून शिवून घ्या. आणि नवा घ्याल तेव्हा दुकानात विचारा, हा कुणी शिवला आणि त्यांना नीट वागवतात ना? उत्तर मिळेलच असं नाही. तरी विचारा.