तिनाचा झाला आठ

मी एक जुनी विलायती मोटरसायकल आहे, मित्रांनो, आणि मला माणसांची किळस आली आहे. गंजाची नाही, उंदरांच्या लेंड्यांची नाही, माणसांची! ऐका, म्हणजे कळेल.

दूर विलायतेतल्या कारखान्यात मी जन्मले. इंजिनावर हातोडीने एकेक इंग्रजी आकडा ठोकून मला नंबर दिला, ३४१२. आम्हा गाड्यांचं तेच नाव. बोटीने आले, दोन-चार हातांतून फिरले आणि पुण्याला कसबा पेठेतल्या बाळकाकांकडे स्थिरावले. काय दिवस होते ते! मागे हेमाकाकू, त्यांच्या मांडीवर मंडईतल्या भाजीची पिशवी, आणि माझी फटफट ऐकून बोळातली माणसं आपणहून बाजूला व्हायची. पुढे घरात स्कूटर आली. मी कोपऱ्यात गेले. माझ्या सीटवर पापड वाळू लागले.

दसऱ्याला मात्र काकू मला विसरत नसत. लोक चाकाला, हँडलला कुंकू लावतात. काकू नेमक्या नंबरावर लावत. "अहो, पूजा करायची तर नावाची करावी," म्हणत. एका वर्षी गंज चढू नये म्हणून काकांनी त्या कुंकवावरूनच व्हार्निशचा हात फिरवला. झालं! इंग्रजी तिनाची उघडी बाजू कुंकवाने बुजली आणि तिनाचा दिसायला आठ झाला.

त्यांचा मुलगा गंधार आयटीत आहे. जन्मात कधी माझ्यावर बसला नाही. यंदा मात्र त्याला एकाएकी माझ्या प्रेमाचा उमाळा आला, कारण त्याला अंदाज बांधायचा नाद लागला होता. माझ्या कारखान्याची कागदपत्रं कधीच नष्ट झाली, त्यामुळे माझ्यासारख्या गाड्या किती बनल्या हे कुणालाच ठाऊक नाही. मग जगभरचे हौशी लोक उरलेल्या गाड्यांचे नंबर गोळा करतात. सापडलेला सगळ्यात मोठा नंबर घ्यायचा, नंबरांत साधारण किती अंतर पडतं ते बघायचं, आणि तेवढं पुढे धरून आकडा सांगायचा. चार हजारांपुढचा नंबर आजवर कुणाला सापडला नव्हता.

गंधारने माझा फोटो काढला आणि किंचाळलाच. "बाबा, एट थाउजंड! आपली बाइक लास्ट बॅचची आहे! सगळ्यांचे एस्टिमेट्स डबल होणार!"

"छान," काका म्हणाले. "म्हणजे आता पापड कुठे वाळवायचे?"

पण गंधारने जगभर कळवून टाकलं. विश्रांतवाडीच्या रविराजशेठनी, ते जुन्या गाड्यांच्या मंडळाचे अध्यक्ष, लगेच माझा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, सगळं. मोटरसायकलला शाल! काकांनीही गुपचूप नवा झब्बा शिवून घेतला.

सत्कारासाठी काकूंनी मला रॉकेल लावून जुन्या ब्रशने घासलं. व्हार्निश सुटलं, कुंकू निघालं.

"अरे गंधार, हा तर तीन आहे!"

गंधारचं तोंड पडलं. "आई, कुणी सांगितलं होतं घासायला?"

"बरं झालं घासलं. आता खरं काय ते कळव."

"माझं हसं होईल, आई!"

दुसऱ्या दिवशी काकू मंडईत गेल्याचं बघून तो आकडे ठोकायचा पंच घेऊन आला. "बाबा, एकच ठोका. कोणाला कळणार आहे?"

मी काकांकडे आशेने पाहिलं. ज्या माणसाला मी भर उन्हातान्हात कधी रस्त्यात टाकलं नाही, त्याने नव्या झब्ब्याची बटणं नीट केली आणि तोंड फिरवलं. शी! त्या ठोक्याने दुखलं नाही, पण शिसारी आली. त्या एका ठोक्यात, कुणी कधी न बनवलेल्या हजारो गाड्या जन्माला आल्या, आणि त्या खोट्या पोरांची आई मी!

विश्रांतवाडीच्या हॉलमध्ये लोक माझ्याबरोबर सेल्फी काढत होते. रविराजशेठनी शाल उलगडली. "आता काकू दोन शब्द बोलतील."

काकूंनी आधी माझ्या नंबरावरून बोट फिरवलं, गंधारकडे एकदा पाहिलं आणि मग त्या माइकपाशी गेल्या. "ही गाडी शेवटची नाही, मधलीच आहे. हा आठ माझ्या मुलाने ठोकलाय. खरा आकडा तीन. आपण सगळ्यांनी कृपया तोच लिहून घ्यावा."

मग शेठनी शाल घडी करून परत पिशवीत ठेवली. पाहता पाहता लोक बटाटेवड्यांकडे वळले. मघाशी माझ्या टाकीवरून हात फिरवणारा एकही जण मागे वळला नाही. तीन म्हटल्यावर मी कोण? भंगार!

मला आणणारा शेठचा टेम्पोही "दुसऱ्या कामाला" निघून गेला. काका गंधारला म्हणाले, "आम्ही रिक्षाने येतो." काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते मुकाट्याने झब्ब्याच्या बाह्या सारून माझ्या मागे उभे राहिले. पुढे गंधार, मागे काका. विश्रांतवाडीपासून कसब्यापर्यंत बापलेकांनी मला ढकलत आणलं, आणि काकू रिक्षातून पुढे गेल्या.

मला त्यांची दया आली का? मुळीच नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना शाली पांघरू नका. त्यांच्यावरची धूळ पुसा, जमलं तर चालवा, नाही जमलं तर खुशाल पापड वाळवा. पण आम्हाला तोंड नाही, म्हणून आमच्या तोंडी तुमचं खोटं घालू नका.