भिंतीला बांधलेला लोड

मी एक जुना लोड आहे, आणि जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, पैज! मला भरताना एवढा कापूस लागला की गादीवाल्याच्या दुकानातल्या बाकीच्या उशा उपाशी राहिल्या. एक वजनदार मामा माझ्यावर रेलले ते उठेचनात. शेवटी त्यांना पान तिथेच वाढलं.

पण मित्रांनो, पुढची गोष्ट हसण्याची नाही.

घरात चार वर्षांची मुलगी होती. स्वतःभोवती गरगर फिरायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. ती बोलत नसे. ती स्वमग्न आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. एका सकाळी ती खिडकीजवळच्या भिंतीपाशी बसली आणि डोकं आपटू लागली. ठक. ठक. मिक्सर सुरू झाला की आणखी जोरात. झोप झालेली नसली की विचारूच नका.

"लाड, दुसरं काय!" आत्या म्हणाली.

"वन्सं, लाडाने कुणी डोकं फोडून घेतं का?" आई म्हणाली.

"अगं, अशी मुलं आपटतातच," बाबांनी निकाल दिला. "आपण भिंत मऊ करू."

त्यांनी खिळे ठोकले आणि मला दोरीने भिंतीला बांधलं. ठकठक बंद झाली. "सुटलो बाई!" म्हणत आत्याने चहा टाकला. पोरगी शहाणी झाली, असं पाहुणेही म्हणू लागले. माझं केवढं कौतुक!

मला मात्र वेगळंच कळत होतं. आवाज थांबला होता, घाव नव्हे. ती आधीपेक्षा जोरात आदळत होती, आणि दरवेळी उजवीच बाजू. घोटभर दूध गिळलं की चेहरा वेडावाकडा करत धावत माझ्याकडे यायची. माझ्या पोटात तिथे खळगा पडला. कापूस सरकत चालला. मागची भिंत रोज थोडी जवळ येत होती, आणि पलीकडच्या खोलीत माणसं निवांत गप्पा मारत होती.

शेवटी मीच कंबर कसली. एक हिसडा दिला, दोरी तटकन तोडली आणि खोलीच्या मधोमध उडी घेतली! आई धावत आली. मी खणखणीत आवाजात सांगितलं, "वहिनी, उजवा कान बघा!" कानात आत पू झालेला. औषधपाणी झालं, आणि भिंगरीचं आपटणं पुष्कळ कमी झालं. म्हणून सांगतो मित्रांनो, न बोलणारं मूल स्वतःला इजा करून घेत असेल, तर 'तो त्याचा स्वभावच' म्हणून मोकळे होऊ नका. कान बघा, दात बघा, पोट बघा, झोप बघा, घरातला गोंगाट बघा. माझ्यासारखा शूर लोड काही प्रत्येक घरात...

"खोटं! साफ खोटं!"

ही शेजारी घडी करून ठेवलेली रजई. त्या भिंतीपाशी भिंगरीच्या खाली तीच अंथरलेली असे.

"दोरी आईने सोडली, तुझा मळका अभ्रा धुवायला. तेवढ्यात पोर भिंतीवर झेपावली, तशी आईने आपला तळहात मध्ये घातला. हात ठेचला तिचा! पण त्या हाताला कान लागला, तव्यासारखा तापलेला. तेव्हा कळलं तिला. तू जागेवर असतास ना लोडोबा, तर त्या दिवशीही घरात कुणाला काही कळलं नसतं."