कोपऱ्यावरचा आवाज

गल्लीच्या कोपऱ्यावर आमची गाडी वळली की सगळ्या गल्लीला कळायचं. कुत्री उठून बसायची, समोरच्या वकीलसाहेबांच्या खिडकीची काच थरथरायची आणि मी हातातलं काम टाकून दारापर्यंत जायची. दारात पोचल्यावर आठवायचं, की आता ती गाडी मुलगा चालवत नाही, त्याचे बाबा चालवतात. मग मी पायपुसणं झटकायलाच बाहेर आले होते असं दाखवायची. आमच्याइतकं स्वच्छ पायपुसणं त्या गल्लीत दुसरं कुणाचंच नव्हतं.

गाडी तशी घरंदाज. चार दारांची, पांढरी, मागे ऐसपैस डिकी. लग्नकार्याला जावं, दवाखान्यात जावं, पाहुण्यांना स्टेशनवरून आणावं, एवढ्यासाठी घेतलेली. हे ग्रंथपाल होते. उभा जन्म वाचनालयात ओठांवर बोट ठेवण्यात गेला. कुणी खुर्ची ओढली तरी ह्यांच्या कपाळाला आठी पडायची. घरात मिक्सर लावायचा तर मी आधी तशी सूचना द्यायची. अशा माणसाच्या पोटी आमचे चिरंजीव जन्माला आले, ज्यांना डोळे मिटून नुसत्या आवाजावरून रस्त्याने कोणती गाडी गेली आणि तिचं काय दुखतंय हे सांगता यायचं. देवाला अधूनमधून थट्टा करायची लहर येते.

नोकरी लागली तसा तो सुट्टीच्या दिवशी गाडीखाली शिरू लागला. आधी चाकं बदलली. मग स्प्रिंगा बदलून गाडी जमिनीला टेकवली, इतकी की गतिरोधक आला की मी श्वास आत ओढून धरायची. सीटना लालभडक कव्हरं आली. डिकीवर एक शेपूट आलं. बॉनेटचं साधंसुधं कुलूप गेलं आणि त्याच्या जागी शर्यतीच्या गाड्यांना असतात तशा दोन खिट्ट्या आल्या. हे दातओठ खात सगळं सोसत होते. पण ज्या दिवशी त्याने सायलेन्सर बदलला आणि गाडीने अंगणात डरकाळी फोडली, त्या दिवशी हे हातातलं पुस्तक मिटून बाहेर आले. पानात खूण न घालता मिटलं होतं, तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"हे धूड या घरात राहील, नाहीतर तू," हे म्हणाले.

रागाच्या भरात माणूस बोलतो. कुठल्या घरात बोलत नाहीत? मुलाने उलट उत्तर दिलं नाही, हे जास्त वाईट झालं. पुढे त्याला समुद्रापलीकडची नोकरी मिळाली. ती मिळणारच होती, अर्ज त्या भांडणाच्या कितीतरी आधीचा. पण तो त्या वाक्यामुळे गेला असं ह्यांनी मनाशी धरलं, आणि त्या वाक्यानंतर परत कसं यायचं असं त्याने. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे तर दोन सुंभ आणि दोघांचाही पीळ एकाच हाताने वळलेला.

मला हवा होता एकच शब्द. ह्यांनी त्याला 'ये' म्हणायला हवं होतं. मी म्हणत होतेच की, दर फोनला म्हणत होते. "हो आई, बघतो," म्हणून तो विषय बदलायचा. माझं 'ये' घरचंच होतं, त्याला ते मोजायची गरज वाटत नव्हती. ज्याने 'जा' म्हटलं त्याच्याच तोंडून त्याला ऐकायचं होतं, आणि हे त्या बाबतीत ब्र काढायला तयार नव्हते.

गाडी बरेच दिवस आच्छादनाखाली पडून राहिली. एकदा मला डोळे तपासायला जायचं होतं आणि ठरवलेली भाड्याची गाडी आलीच नाही. ह्यांनी आच्छादन ओढलं, किल्ली फिरवली, गाडी ढिम्म. बॉनेट उघडायला गेले तर त्या खिट्ट्या काही केल्या निघेनात. गाडीभोवती फेऱ्या घालून झाल्या, चष्मा कपाळावर चढवून झाला. शेवटी ह्यांनी स्वतःच्या हाताने त्याला फोन लावला.

"अरे, ते तुझं बॉनेट उघडायचं कसं?"

"खिट्टी आधी दाबा, मग फिरवा."

"दाबून फिरवली."

"उलटी फिरवा, बाबा."

"हं. उघडलं."

"बरं."

"बरं."

तो गेल्यापासून त्या दोघांचं झालेलं हे पहिलं बोलणं. डोळ्यांचा डॉक्टर मी पुढच्या आठवड्यावर ढकलला. माझ्या डोळ्यांना तेवढ्यात काय होणार होतं?

त्यानंतर ह्यांना गाडीचा नाद लागला. आधी पुस्तकं आणली, अर्थातच, आणि त्यांना खाकी कव्हरं घातली. मग पाने आणले. भिंतीवर खिळे ठोकून ते मापानुसार टांगले, प्रत्येकाच्या डोक्यावर चिठ्ठी. तेरा नंबरचा पाना बाराच्या जागी दिसला तर ह्यांना घास उतरेना. जुना फुल शर्ट घालून, चष्म्याला दोरी बांधून हे गाडीखाली सरकायचे, खिशाला पेन तसंच. प्लग साफ केले, तेल बदललं, पाण्याचे पाइप बदलले. ज्या शेपटाकडे बघून दातओठ खायचे ते मऊ फडक्याने पुसून चकचकीत करायचे. कुणाची म्हैस आणि कुणाला ऊठबस!

आणि रस्त्यावर तर बघायलाच नको. लाल सीटवर स्वेटर घालून ताठ बसलेले हे, शेजारी मांडीवर पिशवी घेऊन मी, आणि खाली गुरगुरणारी ती गाडी. सिग्नलला पोरं शेजारी गाडी लावून इंजिन घुमवायची. एकाने तर काच खाली करून विचारलं, "काय काका, होऊन जाऊ दे?" हे समोर बघत म्हणाले, "आधी हिरवा होऊ दे."

रविवारी सकाळी फोन ठरलेला. तिकडे तेव्हा उजाडलेलंही नसायचं, पण तो उठून बसलेला असायचा. "फोन इंजिनाजवळ ठेवा," म्हणायचा. हे बॉनेट उघडून फोन आत एअर फिल्टरच्या डब्यावर ठेवायचे, गाडी चालू करायचे. तो ऐकायचा, मग हे करा, ते तपासा असं सांगायचा. हे 'हं, हं' करायचे. एकमेकांची तब्येत त्या दोघांनी कधी विचारली नाही. इंजिनाची विचारायचे.

माझं मात्र गाडीशी वाकडं येत चाललं होतं. जुना सायलेन्सर माळ्यावर होता. जाताना त्यानेच माझ्या जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला. एकदा मी ह्यांना म्हटलं, "बसवा ना तो जुना. तुम्हालाच नको होता ना हा आवाज?"

"सध्या चालतंय," हे म्हणाले.

"मला नाही चालत. कोपऱ्यावर आवाज आला की मला वाटतं तोच आला. धावत दारात जाते आणि उतरता तुम्ही."

बोलून गेले आणि जीभ चावली. ह्यांनी हातातला पाना जागेवर टांगला. सायलेन्सर काही बदलला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यावर आवाज यायचाच बंद झाला. आमची गल्ली उताराची आहे. हे कोपऱ्यावर इंजिन बंद करायचे आणि गाडी तशीच घरंगळत, मुकाट्याने फाटकापाशी आणायचे. वकीलसाहेबांनी येऊन आभार मानले. ह्यांनी ते माझ्या वतीने स्वीकारले.

आणि मला काय झालं म्हणावं? मी कान लावून बसू लागले. आधी निदान क्षणभर तरी तो यायचा. आता तेवढाही येईना.

त्यातच गाडी ठणठणीत झाली. एका रविवारी त्याने ऐकलं आणि म्हणाला, "काही नाही, बाबा. मस्त चाललीय."

"हो ना?"

"हो."

"बरं मग."

"बरं. आईला द्या."

फोन माझ्या हातात आला. हे बॉनेट लावून आत गेले आणि पुस्तक उघडून बसले. पान काही उलटलं नाही.

पुढच्या शनिवारी मी कपडे वाळत घालत होते. हे गाडीखाली होते. सायलेन्सरच्या वर उष्णता अडवायला एक पत्रा असतो, त्याचा बोल्ट ह्यांच्या हातात होता. मला वाटलं आवळतायत. नीट बघितलं तर ढिला करत होते. जपून, हलक्या हाताने, कुणाच्या पुस्तकातलं पान फाटू नये तसं. मी ओल्या चादरीआड झाले.

रविवारी गाडी खडखड करत चालू झाली. दुधाच्या भांड्यावर झाकण थडथडतं ना, अगदी तसा आवाज. पत्र्याचा आहे हे माझ्यासारख्या बाईलाही कळत होतं. आणि आमचा मुलगा, जो झोपेतून उठवला तरी आवाज ओळखायचा, तो फोनवर गंभीरपणे म्हणाला, "गिअरचं तेल बदलून बघावं लागेल, बाबा. आठवडा लागेल तुम्हाला."

"आठवडा तर लागेलच," हे म्हणाले.

मी पदराआड तोंड लपवलं. आधी हसू आलं, मग नुसतंच आलं, हसू नव्हतं ते. बाप खोटं दुखणं सांगतोय, मुलगा खोटं औषध देतोय, आणि अळीमिळी गुपचिळी. खाण तशी माती. एवढी अक्कल लढवण्यापेक्षा एक शब्द बोलायला काय जात होतं ह्यांचं? मला इतका राग आला, की त्या दिवशी मी ह्यांना गार चहा दिला. ह्यांना कळलंही नाही.

असे कितीतरी रविवार गेले. कधी बेल्ट कुरकुरायचा, कधी पाइप सुटायचा. गाडी बिचारी दोघांसाठी आजारी पडायची आणि बरी व्हायची.

मग तो रविवार आला. आदल्या दिवशी ह्यांनी लाल सीटा धुऊन पुसल्या होत्या आणि त्या नादात आतला दिवा चालूच राहिला. सकाळी फोन लागला, हे नेहमीसारखे "आज जरा वेगळाच आवाज येतोय रे" म्हणाले, फोन डब्यावर ठेवला आणि आत बसून किल्ली फिरवली. काहीच नाही. पुन्हा फिरवली. बॅटरी पार उतरली होती. साधी टिकसुद्धा झाली नाही.

मी बादली घेऊन तिथेच उभी होते. अंगणात नळ ठिबकत होता. वकीलसाहेब खोकत होते. वाऱ्याने फाटक कुरकुरलं, दोरीवरची चादर फडफडली. मी हातातली बादली खाली टेकवली तशी तिची कडी पडून वाजली, नेहमी वाजते तशी.

फोनमधून त्याचा आवाज आला. "हं. येतोय आवाज."

हे किल्ली हातात घेऊन गाडीतून उतरले होते. जागच्या जागी थांबले.

"बंद नका करू, बाबा," तो म्हणाला. "अजून थोडा वेळ ऐकू दे."

बंद गाडी त्याला ओळखता आली नाही यावर मी मेले तरी विश्वास ठेवणार नाही. मी तोंड उघडलंच होतं, अरे सोन्या, गाडी चालूच नाहीये, असं म्हणायला. तोच ह्यांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. जन्मभर ठेवलं तसंच.

मग आम्ही दोघं चोरासारखे उभे राहिलो आणि तो आमचं अंगण ऐकत राहिला. मी मुद्दाम बादलीची कडी पुन्हा एकदा वाजवली. पलीकडून त्याने नाक ओढल्याचं ऐकू आलं.

हे बॉनेटमध्ये वाकले. फोनच्या अगदी जवळ. मला वाटलं आता गिअरचं तेल किंवा बेल्ट असलं काहीतरी काढतील.

"हे असं फोनवर नाही कळायचं रे," हे म्हणाले. "तू ये. येऊन बघ."



"सायलेन्सर तोच आहे ना?" त्याने विचारलं.

"तोच आहे."

"सुट्टीचं विचारतो, बाबा."

"विचार."

"बरं."

"बरं."

फोन बंद झाला. ह्यांनी बॉनेट लावलं, दोन्ही खिट्ट्या दाबून सुलट्या फिरवल्या, आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत बसले. मी नळ घट्ट बंद केला. सुट्टी कधी मिळेल, मिळेल की नाही, आल्यावर दोघं किती वेळ गप्प बसतील, मला काही ठाऊक नव्हतं. पण माझा शब्द मला मिळाला होता.

"तो माळ्यावरचा सायलेन्सर भंगारात देऊन टाका," मी म्हटलं. "आणि उद्यापासून कोपऱ्यावर इंजिन बंद करत जाऊ नका."

ह्यांनी मान वर केली. "तू फसतेस ना पण."

"फसू दे," मी म्हटलं. "दारापर्यंत धावायची सवय मोडायला नको."