मावशीने इस्त्री केलेली प्रतिज्ञा

मी एक जुनी ब्रेल पाटी आहे. मित्रांनो, पाटी म्हटल्यावर लगेच पेन्सिल शोधू नका. माझ्यावर खडू चालत नाही आणि शाईही चालत नाही. मी म्हणजे एक लाकडी फळी आणि तिच्यावर वरून खाली सरकणारी पत्र्याची पट्टी. पट्टीला बारीक खिडक्या आहेत आणि प्रत्येक खिडकीत सहा खळगे. मध्ये जाड कागद अडकवायचा आणि टोचणीने त्या खळग्यांत दाबत जायचं. कागद उलटला की ठिपके वर येतात, आणि ते बोटांनी वाचतात. म्हणून लिहायचं उजवीकडून आणि वाचायचं डावीकडून. ज्यांना यात गंमत वाटते त्यांनी आपलं नाव एकदा असं लिहून पाहावं, मग माझ्याशी बोलावं.

कारखान्यातून निघाल्यावर मी किती दिवस खोक्यात पडून होते, कोण जाणे. मग बालाघाटच्या एका शिबिरात मला आम्रपालीच्या मांडीवर ठेवलं. तेव्हा ती एवढीशी होती. तिने आधी माझा वास घेतला, मग माझी कड चावून पाहिली. शिबिरातल्या बाईंनी तिला नाव विचारलं, तर उत्तर तिच्या मैनामावशीने दिलं. वय विचारलं, तेही मावशीनेच सांगितलं. पोरीला दिसत नव्हतं हे खरं, पण जीभ तर चांगली होती! मला त्या दिवशीच राग आला होता. सगळी माणसं प्रेमळ होती, पण तिच्या वाटचं बोलून टाकायची.

पुढे मी तिच्याबरोबर जबलपूरच्या वसतिगृहात गेले. तिथल्या थंडीत मुलींची बोटं गारठायची, ठिपके लागायचे नाहीत. मग रजईत तोंड खुपसून ओठांनी कोण वाचतं, अशी पैज लागायची. आम्रपाली ती पैज नेहमी जिंकायची. त्याबद्दल ती पुष्कळ बोलणीही खायची, कारण वाचून होईपर्यंत पुस्तक ओलं झालेलं असायचं.

शिकून ती बालाघाटला परतली आणि एका गॅस एजन्सीत फोन घेऊ लागली. कोणाचं सिलेंडर आलं नाही, कोणाची नळी गळते, सगळं माझ्यावर टोचलं जाई. घरात मिठाच्या, साखरेच्या डब्यांवर ठिपक्यांच्या चिठ्ठ्या लागल्या. वडिलांच्या, म्हणजे खेमराजदादांच्या, गोळ्यांच्या खोक्यांवर लागल्या. तिने पत्त्यांच्या कॅटवरही ठिपके पाडले. मग घरात एक नियमच झाला, की आम्रपालीला पत्ते वाटायला द्यायचे नाहीत. वाटता वाटताच तिला सगळ्यांच्या हातातले पत्ते कळायचे.

मधे बोलणारा फोन आला आणि माझी रवानगी खणात झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण फोन काही मिठाच्या डब्यावर चिकटून बसत नाही. जुनी चिठ्ठी गळून पडली, एकदा खिरीत मीठ पडलं आणि मला सन्मानाने बाहेर काढण्यात आलं.

मग तिचं लग्न ठरलं. मुलगा लांजीचा राजेंद्र, मोटारसायकली दुरुस्त करणारा, कमी बोलणारा आणि डोळस. बौद्ध पद्धतीचं लग्न. त्यात नवरा-नवरी सगळ्यांसमोर प्रतिज्ञा घेतात. बौद्धाचार्य सांगतात आणि जोडपं मागून म्हणतं. पण राजेंद्रकडच्या एका आजीने विचारलं होतं, की पोरगी स्वतः बोलेल, की तिच्यातर्फे दुसरं कोणी? ते आम्रपालीच्या मनाला लागलं. तिने ठरवलं की प्रतिज्ञा कोणाच्या मागून म्हणायची नाही, आपण वाचायची. पाठ करणं सोपं होतं, पण मग लोक म्हणाले असते की कोणीतरी पढवलं. तिला सगळ्यांदेखत बोट फिरवायचं होतं. तिने प्रतिज्ञा टोचली आणि तो कागद लग्नाच्या पांढऱ्या साडीच्या घडीत ठेवला.

लग्नाच्या आदल्या दुपारी शेजारची पिंकी मेहंदी काढायला आली. तिने आम्रपालीचे दोन्ही हात बोटांच्या टोकांपर्यंत भरले. लेकीच्या हातांवर मेहंदी पाहण्याची रुख्माबाईंची केव्हाची हौस. त्या हातांकडे बघत नुसत्या बसून राहिल्या होत्या. तेवढ्यात तिरोडीहून आलेल्या मैनामावशीने हसत हसत सांगितलं, की साडीला इस्त्री झाली, आणि आतला कागदही नीट केला.

"कागद?" आम्रपालीने विचारलं.

"हौ. मले वाटलं, ओला होऊन फुगला. म्हणून चांगली गरम इस्त्री फिरवली, दोन्ही अंगानं."

मी खाटेवर होते. मला तर टोचणीवाचूनच टोचल्यासारखं झालं. आम्रपालीने कागद ओठांशी धरायला सांगितला. ठिपके सपाट झाले होते, त्यात वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ती उठली. "आई, पाणी आण. मले हात धुवाचे आहेत."

रुख्माबाई उठल्या खऱ्या, पण त्यांचा पाय निघेना. मेहंदी अजून ओलीच होती, आता धुतली तर रंगच चढला नसता. तेव्हा मावशीने मला उचललं आणि मांडीवर घेतलं.

"बस खाली. बिघडवलं म्या, नीट बी मीच करीन. तू ठिपके सांग, मी टोचीन."

आणि सुरू झालं. म म्हणजे एक, तीन आणि चार नंबरचा खळगा. मावशीने टोचणी अशी धरली, जशी काही माझ्यात खिळाच ठोकायची आहे. घामाघूम होऊन पहिली ओळ झाली. कागद आम्रपालीच्या ओठांशी नेला. तिने ओठ फिरवले आणि तिला हसू आवरेना. मावशीने सवयीने डावीकडून लिहिलं होतं, सगळी ओळ उलटी आली होती.

"उजव्याकून ये, मैना," रुख्माबाई हळूच म्हणाल्या. इतकी वर्षं त्या लेकीशेजारी बसून तांदूळ निवडत होत्या, त्यांनी सगळं पाहिलं होतं. मला हे ठाऊकच नव्हतं. मग एक बहीण खिडकी दाखवू लागली आणि दुसरी टोचू लागली. नवरी तोंडाला कागद लावून तपासत होती, आणि पिंकी मेहंदीचा कोन हातात धरून हसून हसून लोळत होती. दिवेलागणीपर्यंत प्रतिज्ञा तयार झाली.

दुसऱ्या दिवशी मंडपात कागदाखाली टेकायला मीच होते. मेहंदीचं लालभडक बोट ठिपक्यांवरून निघालं. "मी आम्रपाली, माझ्या मनाने राजेंद्रची सोबत निवडते. त्याच्या घरात मी माझ्या आवाजाने बोलेन आणि त्याचं म्हणणं ऐकेन…" आवाज स्वच्छ होता. आणि मधेच बोट थांबलं. मंडपात कुजबुज झाली. बौद्धाचार्य पुढचा शब्द सांगायला वाकले.

गर्दीतून मावशी उभी राहिली. "सांगू नका. तो ठिपका माह्याच हातून राह्यला असन. तिले सापडन."

जिने एकेकाळी पोरीचं नावही पोरीला सांगू दिलं नव्हतं, ती मावशी हे म्हणत होती. मी लाकडाची आहे म्हणून, नाहीतर रडलेच असते. आम्रपाली हसली, बोट एक घर मागे घेतलं, शब्द लावला आणि शेवटपर्यंत वाचत गेली. पहिली टाळी त्या लांजीच्या आजीने वाजवली.

आता मी लांजीच्या स्वयंपाकघरात फळीवर असते. आहेरात आलेल्या इस्त्रीच्या खोक्यावर आम्रपालीने एक चिठ्ठी लावली आहे. परवा मैनामावशी आली, चिठ्ठीवर बोट ठेवून बसली आणि पुटपुटत राहिली. चहा निवला. शेवटी तिने एकटीने वाचलं: "मावशी, फक्त कपडे." त्यानंतर ती इतकी हसली की राजेंद्र हातातला पाना घेऊन धावत आत आला.

तेव्हा मित्रांनो, जाड, ठिपक्याठिपक्यांचा कागद दिसला तर त्याला सपाट करू नका. त्याच्यावर जड वह्या ठेवू नका, त्याची घडी घालू नका. माझ्यासारखी पाटी खणात पडली असेल तर तिला बाहेर काढा. आणि ज्याचं नाव हवं असेल, त्यालाच विचारा. मग उत्तर येईपर्यंत थांबा.