सभागृहाची नवी पाटी

थोरल्याचं अलीकडे एक नवीनच थेर सुरू झालं होतं. घरातसुद्धा तो भाषण ठोकायचा. ताटावर बसून "मी आपणा सर्वांना सांगू इच्छितो" म्हणायचा. आणि सर्व म्हणजे कोण, तर आई, बायको आणि मांजर. सभागृहाच्या समितीचा अध्यक्ष झाल्यापासून त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

आज सभागृहाला नवी पाटी बसायची होती आणि पडदा आईने ओढायचा होता. म्हातारी तासभर आधीच तिथे पोचली. सभागृह कसलं, एक लांबडी खोली आणि पुढे ओटा. कोपऱ्यांत तंबाखूच्या पिचकाऱ्या, खिडकीत रिकाम्या बाटल्या, मागच्या भिंतीला मुताचा वास. नाकाला पदर लावून तिने पाटीवरचा पडदा उचलला. दोन इयत्ता शिकलेली बाई, अक्षराला अक्षर जोडत तिने वाचलं. सभागृह बांधणारा म्हणून तिच्या नवऱ्याचं नाव होतं!

तिने पडदा खाली टाकला.

गावात नर्स यायची तेव्हा पोटुशा बायांना झाडाखाली, चारचौघांसमोर तपासायची. त्या लाजेपायी आडोशाची एक खोली बांधायला तिच्यासकट अकरा बाया उठल्या होत्या. घरचं आटोपून रोज दुपारी त्यांनी खाणीपासून इथपर्यंत दगड वाहिले. तिचा नवरा मात्र "इथे माझा गोठा व्हायचाय" म्हणत जागेवर खाट टाकून आडवा झाला. जेवायला तेवढा घरी यायचा. शेवटी बायांनीच त्याला खाटेसकट उचलून रस्त्यापलीकडे ठेवला होता.

"बघितलंस होय आधीच?" थोरला खुशीत आत आला. "कसं वाटलं बाबांचं नाव?"

"तुझ्या बाबाने इथला एक दगड उचलला नाही. त्यालाच आम्हाला उचलावं लागलं."

"अगं, आता कोणाला आठवतंय ते?"

"मला."

"आपल्याच घराचं नाव होतंय ना? मग दोरी ओढ आणि हस जरा. लोक यायला लागलेत."

लोक आले. पहिल्याच खुर्चीवर शिंपीण बसली. अकराजणींपैकी या दोघीच उरल्या होत्या. दगडाखाली शिंपिणीचा अंगठा गेला होता. तो हात ती आजही पदराखाली धरून होती.

"माझ्या पूज्य मातोश्री आता..." थोरल्याने माइकवर सुरुवात केली.

म्हातारीने शिंपिणीकडे पाहिलं, हातातली दोरी सोडून दिली आणि लेकाकडे वळली. माइक तिच्या तोंडापाशीच होता.

"तुझ्या बापाने आम्हाला अडवलं, पण तोंडावर अडवलं. तू आमचं काम चोरलंस, आणि वर दोरी ओढायला मलाच उभी केलीस. बाप तुझा आडमुठा होता रे. तू त्याच्याहून खालचा निघालास."